आचंद्रार्क अमानत

ज्या विषयाच्या शास्त्रीय अंगात आपणांस अधिकार नाही त्या विषयावरील ग्रंथास प्रस्तावना लिहिणे हे धाडसाचे काम आहे, आणि म्हणूनच ग्रंथकारांनी प्रथम ही इच्छा प्रकट केली तेव्हा मी ती नम्रपणे नाकारली होती. कारण माझे सारे आयुष्य जुन्या मराठी कागदपत्रांच्या सहवासात, मोडी लिपीतील रुमाल सोडण्यात, त्यांतील यादी-कैफियतींची फेरिस्त करण्यात आणि ते पुन्हा बांधून ठेवण्यात गेले, आणि अणुभट्टीतून निघणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यांच्या विल्हेवाटीविषयी मला जे काही ठाऊक होते ते एखाद्या जिज्ञासू वर्तमानपत्रवाचकाच्या ज्ञानाहून अधिक नव्हते. परंतु ग्रंथकार, जे स्वतः रसायनशास्त्राचे जुने अभ्यासक आहेत, काही दिवसांनी पुन्हा आले आणि त्यांनी मला एवढेच विचारले, की तुमच्या दप्तरातला अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद आज महाराष्ट्रात किती माणसे अडखळल्यावाचून वाचू शकतील? मी खरे ते सांगितले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाणारी, आणि त्यापूर्वी शतकानुशतके ह्या प्रांताचा सारा जमाखर्च जिच्यात लिहिला गेला ती लिपी आज वाचणारे इतके थोडे उरले आहेत, की पेशवे दप्तरातील कोट्यवधी कागदांच्या मानाने त्यांची संख्या नगण्य म्हणावी लागेल. “तर मग आमच्या विषयाचा अर्धा भाग तुमच्याकडे आहे,” असे ते म्हणाले. त्या वाक्याचा अर्थ पुरतेपणी उमगण्यास मला बरेच महिने लागले, आणि जे उमगले ते येथे नमूद करीत आहे.

आरंभी वस्तू काय आहे हे सांगितले पाहिजे. अणुभट्टीत घातलेल्या इंधनकांड्या काही वर्षे काम देतात आणि मग बाहेर काढल्या जातात. त्या वेळी त्यांचा आकार बदललेला नसतो, त्यांची राख होत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्यास नव्या कांडीत व जुन्या कांडीत फारसा भेद दिसणार नाही. भेद आतला आहे. नवी कांडी हातमोजा घालून उचलता येते. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या कांडीजवळ संरक्षणावाचून काही मिनिटे उभे राहणे प्राणघातक ठरते. विखंडन थांबल्यावरही आतील अस्थिर अणूंच्या ऱ्हासामुळे उष्णता निघतच राहते, म्हणून त्या कांड्यांस कित्येक वर्षे खोल पाण्याच्या हौदात ठेवावे लागते. साध्या पाण्याच्या भट्टीतल्या अशा जुन्या इंधनात सुमारे ९५ टक्के युरेनियमच शिल्लक असते, सुमारे १ टक्का प्लुटोनियम नव्याने तयार झालेले असते, आणि उरलेले ३ ते ४ टक्के म्हणजे विखंडनातून जन्मलेली सिझियम, स्ट्रॉन्शियम इत्यादी द्रव्ये असतात. सिझियम-१३७ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे द्रव्य क्षय पावण्यास लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचे, प्लुटोनियम-२३९ चे सुमारे २४,१०० वर्षांचे, आणि आयोडीन-१२९ चे तर दीड कोटी वर्षांहून अधिक.

येथे सामान्य वाचकाच्या मनात जो प्रश्न सहज उद्भवतो तो माझ्याही मनात उद्भवला होता : हा पदार्थ जाळून, आम्लात विरघळवून किंवा जमिनीत कुजवून नाहीसा का करता येऊ नये? उत्तर असे, की अग्नी, आम्ल आणि जंतू हे सारे अणूंच्या परस्परांतील जुळणीवर सत्ता गाजवितात; अणूच्या गाभ्यास त्यांचा स्पर्शही होत नाही. सिझियम जाळले तरी ते सिझियमच राहते, आणि धुरातून पसरून अधिकच धोक्याचे होते. शीघ्र भट्ट्यांतून काही दीर्घजीवी द्रव्यांचे अल्पजीवी द्रव्यांत रूपांतर करण्याचे प्रयत्न चालू आहेत. तथापि तो मार्ग पूर्ण यशस्वी झाला तरी बाकी शून्यावर येत नाही, केवळ मुदत कमी होते. ह्या पदार्थाचा नाश करणारा एकच अधिकारी आहे, तो म्हणजे काळ. माणसाच्या हाती उरते ते इतकेच, की काळाचे काम पुरे होईपर्यंत त्या पदार्थाचा बंदोबस्त ठेवावयाचा. म्हणूनच ‘विल्हेवाट’ हा शब्द मला येथे पुरेसा वाटत नाही. आपण जे करतो त्यास आमच्या दप्तरी भाषेत अमानत म्हणतात. फरक असा, की ज्याच्या हवाली ही अमानत करावयाची तो वारस अद्याप जन्मलेला नाही आणि त्याची संमती घेण्याचा कोणताही उपाय आपल्यापाशी नाही.

ह्या अमानतीचा आपल्या घरचा भाग फार दूर नाही. तुर्भ्यास १९५६ साली अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, १९६४ साली तेथेच वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखाना उभा राहिला, आणि १९६९ साली तारापूरची दोन यंत्रे वीज देऊ लागली. डॉ. होमी भाभा यांनी देशातील थोरियमचा विपुल साठा ध्यानी घेऊन जी त्रिस्तरीय योजना आखली होती, तिच्यामुळे भारताने वापरलेले इंधन कचरा न मानता पुढील टप्प्याचे भांडवल मानले व पुनःप्रक्रियेचा मार्ग धरला. त्या प्रक्रियेतून युरेनियम व प्लुटोनियम काढून घेतल्यावर जो अतितीव्र द्रव उरतो तो बोरोसिलिकेट काचेत वितळवून एकजीव करतात, ती तप्त काच पोलादी डब्यांत ओततात, डबे झाळून बंद करतात आणि तारापूर येथील भांडारात ठेवतात; तेथे उष्ण हवा धुराड्यातून वर जाते व तिच्या जागी थंड हवा आपोआप खालून येते, म्हणजे शीतलीकरण कोणत्याही पंपावर किंवा विजेवर अवलंबून नसते. काच निवडण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. तिच्यात ही द्रव्ये डबीत रत्न ठेवावे तशी नुसती ठेवलेली नसतात, तर काचेच्या अंतर्गत जाळ्याचाच भाग होऊन बसतात, आणि पाण्यास ती बाहेर काढावयाची तर काचच विरघळवावी लागते. ते काम अत्यंत सावकाश चालते. युरेनियम-प्लुटोनियम आतच राहू दिले तर वापरलेल्या इंधनाचा विषारीपणा मूळ खनिजाच्या पातळीस येण्यास दोन-तीन लाख वर्षे लागतात. ते काढून घेतले तर हीच मुदत दहा हजार वर्षांच्या आसपास येते, आणि इतर जड द्रव्येही वेगळी करता आली तर सुमारे तीनशे वर्षांवर. हा लाभ लहान नाही. परंतु ह्या काचेस कायमची जागा आपण अद्याप दिलेली नाही. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, वापरातून गेलेल्या एका भागात सुमारे १००० मीटर खोलीवर विजेच्या तापकांनी खडक तापवून त्याचे वर्तन तपासण्यात आले. पण प्रयोग वेगळा आणि भांडार वेगळे.

ह्या द्रव्याचे आकारमान फार मोठे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हजार मेगावॉटच्या एका भट्टीतून वर्षाकाठी वीस-तीस टन इंधन बाहेर पडते, आणि तितकीच वीज देणाऱ्या कोळशाच्या केंद्राची राख लाखो टनांत मोजावी लागते. जे लोक ह्या पदार्थाच्या नुसत्या नावाने भयभीत होतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि आकारमान थोडे म्हणून प्रश्नही थोडा, असे जे समजतात त्यांनी पुढील इतिहास वाचावा.

प्रारंभीच्या दशकांचा तो इतिहास दुःखद आहे. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचे प्लुटोनियम अमेरिकेच्या वायव्येस हॅनफर्ड येथे तयार झाले, आणि युद्धाच्या घाईत व पुढील शीतयुद्धाच्या घाईत तेथील द्रव कचरा भूमिगत टाक्यांत ओतला गेला. अशा १७७ टाक्या, त्यांत सुमारे २१ कोटी लिटर द्रव्य, आणि त्यांपैकी अनेक जुन्या टाक्या पुढे गळू लागल्या. उरल पर्वताच्या परिसरात मायाक येथे २९ सप्टेंबर १९५७ रोजी अशाच एका टाकीची शीतलव्यवस्था बंद पडून तिचा स्फोट झाला, शेकडो किलोमीटर लांबीचा पट्टा दूषित झाला, हजारो माणसे गावे सोडून हलविण्यात आली, आणि कशासाठी हलविले हे त्यांस सांगण्यात आले नाही. जॉरेस मेदवेदेव यांनी १९७६ साली इंग्लंडमधून ही गोष्ट लिहिली तेव्हा पुष्कळांनी तीवर विश्वास ठेवला नाही. सोव्हिएत सरकारची कबुली १९८९ साली आली. समुद्रात पिंपे बुडविण्याची वहिवाट १९४६ पासून चालू होती, ती सर्वस्वी बंद करण्याचा निर्णय राष्ट्रांनी १९९३ साली घेतला. आणि जर्मनीतील आसे येथील मिठाच्या जुन्या खाणीत १९६७ ते १९७८ ह्या काळात सुमारे १,२६,००० पिंपे ठेवण्यात आली, कित्येक तर यंत्राने लोटून ढिगावर ढीग अशी टाकण्यात आली; त्या खाणीत आता दररोज सुमारे बारा हजार लिटर पाणी झिरपते, आणि जे पुरले ते पुन्हा उकरून काढण्याचा कायदा तेथील संसदेस करावा लागला. पुरणे सोपे होते. काय, कोठे व कसे पुरले ह्याची नीट नोंद ठेवणे तेव्हा कोणास महत्त्वाचे वाटले नाही.

ह्या साऱ्या वृत्तान्तात एका प्रसंगाने मला, एक जुना दप्तरी माणूस म्हणून, विशेष अस्वस्थ केले. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबाड या गावाजवळ सुमारे ६५० मीटर खोल मिठाच्या थरात शस्त्रनिर्मितीतील प्लुटोनियमयुक्त कचऱ्याचे भांडार आहे. ते १९९९ साली उघडले आणि अशा तऱ्हेचे जगातील ते एक आदर्श काम मानले जात होते. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तेथील एक पिंप आतल्या आत तापून फुटले, किरणोत्सारी कण हवेच्या मार्गाने पृष्ठभागापर्यंत आले, आणि ते भांडार जवळजवळ तीन वर्षे बंद राहिले. चौकशीत असे निष्पन्न झाले, की पिंपातील नायट्रेट क्षारांचा ओलावा शोषून घेण्यासाठी असेंद्रिय, म्हणजे खनिज जातीची भुकटी घालावयास हवी होती. कार्यपद्धतीच्या लेखी सूचनेत मात्र ‘सेंद्रिय’ असा शब्द आला, आणि कामगारांनी सूचनेबरहुकूम गव्हापासून केलेली, मांजरांच्या पेटीत घालतात ती भुकटी घातली. नायट्रेट म्हणजे सोऱ्याच्या जातीचा क्षार, आणि सोऱ्याशेजारी सेंद्रिय पदार्थ आला म्हणजे काय होते हे दारूगोळ्याच्या कोठारावर काम केलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा आम्ही मराठी माणसे लहानपणापासून ऐकत आलो आहो. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा घात झाला त्याच्या मुळाशी ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ झाले, असे परंपरा सांगते, आणि तो मूळ कागद कोणी पाहिलेला नसल्यामुळे इतिहासाचे अभ्यासक तीविषयी सावधपणे बोलतात. कार्ल्सबाडच्या प्रकरणी मात्र कागद उपलब्ध आहे, आणि त्यात हरवले ते, मराठीत सांगावयाचे तर, एक ‘अ’ एवढेच अक्षर आहे. खडक निवडणारे भूगर्भशास्त्रज्ञ, पिंपे घडविणारे अभियंते, हवा गाळणारी यंत्रे हे सारे आपापल्या जागी असता ज्या ठिकाणी साखळी तुटली ते ठिकाण कारकुनाच्या मेजावर होते.

तीच गोष्ट निराळ्या रूपाने ब्राझीलमधील गोयानिया शहरी १९८७ साली घडली होती. स्थलांतर केलेल्या एका उपचारकेंद्राच्या ओसाड इमारतीत किरणोपचाराचे यंत्र तसेच राहिले, भंगार वेचणाऱ्यांनी ते फोडले, आतील सिझियमची निळी प्रभा पाहून लोकांनी ती भुकटी कौतुकाने घरोघर वाटली, आणि चार माणसे दगावली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. आपल्या देशात २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० सापडले, ते एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात विकलेल्या जुन्या यंत्रातले होते. ते यंत्र १९८५ पासून वापरात नव्हते, आणि मधल्या पंचवीस वर्षांत ते काय आहे हे जाणणारी माणसे निवृत्त होऊन गेली होती. एक कामगार मेला, इतर कित्येक भाजले. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. १९८७ पासून किरणोत्सारी टाकाऊ द्रव्यांविषयीचे नियम आपल्याकडे लागू आहेत आणि त्यांत नोंदीची सक्ती आहे. परंतु कोणतीही नोंदवही स्वतः होऊन बोलत नाही, ती उघडणारा वारस लागतो. शेकडो मीटर खडकाखाली लाख वर्षांची तजवीज करू पाहणाऱ्या मानवजातीस पंचवीस वर्षांची आठवण एका खोलीत टिकविता आली नाही, हे मी कोणास दोष देण्यासाठी लिहीत नाही. प्रश्नाचे खरे माप कळावे म्हणून लिहितो.

मालकीचा प्रश्नही ह्या विषयाशी जडलेला आहे, आणि त्याचे उदाहरण तारापुरातच आहे. तेथील पहिली दोन यंत्रे १९६३ च्या करारान्वये अमेरिकेच्या साहाय्याने उभी राहिली. १९७४ च्या पोखरणच्या चाचणीनंतर इंधनाचा पुरवठा वादात सापडला, आणि वापरून झालेल्या अमेरिकी इंधनावर पुनःप्रक्रिया करण्यास आपली संमती हवी असे अमेरिका म्हणू लागली, तर भारताचे म्हणणे निराळे पडले. १९९३ साली करार संपला. इंधन मात्र तेथेच राहिले. मुत्सद्द्यांचा खलिता जातो-येतो तोवर सिझियमचे एक अर्धायुष्य सरते.

अमेरिकेत नेवाडा राज्यातील युक्का पर्वताची कथा ह्याहून लांबलचक आहे, ती ग्रंथकारांनी एका स्वतंत्र प्रकरणात सांगितली आहे. तिचे सार असे, की १९८७ साली संसदेने इतर सर्व जागांचा अभ्यास थांबवून ज्या राज्याचे वजन कमी त्याच्या माथी हा भार मारला, ते राज्य पुढे पंचवीस वर्षे लढले, आणि अखेरीस अब्जावधी डॉलर खर्चून खोदलेला बोगदा रिकामाच राहिला. उलट फिनलंडने १९९४ साली कायदा केला, की आमचा कचरा आमच्याच भूमीत राहील, बाहेर जाणार नाही आणि बाहेरचा येणार नाही. ज्या गावाच्या हद्दीत भांडार व्हावयाचे त्या एउरायोकीच्या ग्रामपरिषदेस नकाराचा पूर्ण अधिकार दिला. तिने संमती दिल्यावरच २००१ साली संसदेने मंजुरी दिली, आणि ओल्किलुओटो बेटावर २००४ साली खोदाई सुरू झाली. ज्यास नाही म्हणण्याचा हक्क आहे त्याच्याच होकारास किंमत असते, हे तत्त्व तेथे पाळले गेले. आपल्याकडे तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली, तेव्हा त्यांच्या वाट्यास असा हक्क आला नव्हता. ही गोष्ट कटू आहे, पण ह्या ग्रंथाच्या आरंभी ती सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

फिनलंडच्या त्या भांडारास ओन्कालो म्हणतात. त्या भाषेत त्याचा अर्थ पोकळी असा आहे. सुमारे १९० कोटी वर्षांचा जुना खडक, त्यात ४०० मीटरांहून अधिक खोलीवर बोगदे, बोगद्यांच्या तळाशी विवरे, विवरांत तांब्याची पाच सेंटिमीटर जाडीची पिंपे, पिंपांच्या आत बिडाचा गाभा व त्यात इंधन, आणि पिंपाभोवती बेंटोनाइट म्हणजे मुलतानी मातीच्या गोत्रातील, पाणी लागताच फुगून प्रत्येक फट बुजविणारी चिकणमाती, अशी ती रचना आहे; तिचा मूळ आराखडा स्वीडनचा. तांबेच का, असे मी विचारले, तेव्हा ग्रंथकारांनी मला उलट विचारले, की तुमचे राजे दानपत्रे तांब्यावर का लिहीत? ह्या प्रश्नाने मी थक्क झालो. अठराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खोदताना शिलाहार राजा अरिकेसरी याचे शके ९३९ मधील ताम्रपट निघाले, आणि जवळजवळ पावणेआठशे वर्षे मातीत राहूनही त्यांवरील अक्षरे वाचता आली. तांबे टिकते, ह्याचा तो घरचा दाखला. पण त्याच प्रसंगात दुसराही दाखला दडलेला आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो : ते पट निघाले, कारण कोणीतरी खोदले. ज्याने खोदले त्यास खाली काय आहे हे ठाऊक नव्हते.

खडक आपले काम करील, ह्याविषयी निसर्गाने एक विलक्षण साक्ष ठेवली आहे. आफ्रिकेतील गॅबॉन देशात ओक्लो येथील खाणीच्या युरेनियमात एका समस्थानिकाचे प्रमाण किंचित कमी असल्याचे १९७२ साली फ्रेंच शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले, आणि शोध घेता असे दिसले, की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तेथे भूजलाच्या साहाय्याने नैसर्गिक अणुभट्ट्या दीर्घकाळ चालल्या होत्या. त्यांतून निर्माण झालेले प्लुटोनियम जागचे जवळपास हलले नाही. ते जेथे जन्मले तेथेच क्षय पावले. भूमीवर विश्वास ठेवण्यास आधार आहे. ज्याच्याविषयी आधार नाही तो माणूस.

त्यास सावध कसे करावे, हा प्रश्न अमेरिकेत १९८० च्या दशकात रीतसर विचारात घेण्यात आला. चिन्हशास्त्रज्ञ टॉमस सीबिओक यांनी १९८४ साली सरकारला असे सुचविले, की संदेश एकदाच दहा हजार वर्षांसाठी न लिहिता दर तीन पिढ्यांनी नव्या भाषेत उतरवून पुढे द्यावा, आणि ह्या ज्ञानाचे रक्षण करणारा, आपले सदस्य स्वतः निवडणारा एक पुरोहितवर्गच निर्माण करावा. पुढे १९९३ साली कार्ल्सबाडसाठी तज्ज्ञमंडळांनी काट्यांसारखे प्रचंड दगडी सुळे, वेदनेने विकृत झालेले चेहरे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा भाषांसह नावाहो भाषेतील मजकूर अशा योजना मांडल्या. हे वाचीत असता माझ्या डोळ्यांपुढे सतत आपला उत्तर कोकण उभा राहत होता. कारण जे त्या तज्ज्ञांनी कल्पिले त्याचा प्रयोग आपल्या भूमीवर पूर्वीच होऊन गेला आहे.

ज्या पालघर जिल्ह्यात तारापूर आहे त्याच जिल्ह्यात सोपारे आहे. तेथे सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा दगडावर कोरविल्या, चिरकाल टिकाव्यात ह्याच हेतूने. त्यांचा एक तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. दगड टिकला होता. पण मधल्या काळात ब्राह्मी लिपी इतकी विस्मृत झाली होती, की चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणविले तेव्हा ते वाचू शकणारा पंडित मिळाला नाही, आणि इंग्रज संशोधक प्रिन्सेपने १८३७ साली उकल करीपर्यंत त्या आज्ञा मुक्याच राहिल्या. शिलाहारांनी दुसरा मार्ग धरला होता. त्यांच्या दानलेखाच्या शिळेवर वरती चंद्रसूर्य, म्हणजे हे दान आचंद्रार्क चालावे, मध्ये मजकूर, आणि खाली, ज्यास अक्षर येत नाही त्यासाठी, गाढव व स्त्री यांचे असे शिल्प की ज्याचे वर्णन सभ्य गद्यात होऊ नये : हे दान जो मोडील त्याच्या मातेस दिलेली ती शिवी आहे. ह्या शिळांस गद्धेगाळ म्हणतात. भाषेवर अवलंबून नसलेला, पाहताच अंगावर काटा उभा करणारा, दगडात कोरलेला निषेध : तज्ज्ञमंडळांस जे हवे होते ते सारे त्यात आहे. त्याचे पुढे काय झाले? कित्येक शिळा शेतांच्या बांधावर पालथ्या पडल्या. आणि एका गावी तर मी स्वतः अशी एक शिळा शेंदराने माखलेली व तिच्यापुढे नारळ वाढविलेला पाहिली. तेथील एका वृद्ध बाईंनी मला भक्तिभावाने सांगितले, की हा आमचा राखणदार आहे, लग्नाची अक्षत आम्ही आधी ह्यास देतो. जे चिन्ह माणसास दूर ठेवण्यासाठी कोरले होते त्याच्याच पायाशी आज गाव गोळा होते. ज्यांस वाटते की भयानक आकृती दहा हजार वर्षे भयच उत्पन्न करील, त्यांनी ती शिळा एकदा पाहावी.

पुरोहितवर्गाचीही परीक्षा मराठी भाषेने घेतली आहे. महानुभाव पंथाच्या महंतांनी आपले आद्य मराठी ग्रंथ सकळा आदी सांकेतिक लिप्यांत बांधून शतकानुशतके प्राणापलीकडे जपले, आणि त्यांच्या निष्ठेमुळेच लीळाचरित्रासारखे धन आपणांस लाभले. रक्षणाचे काम त्यांनी अद्वितीय रीतीने केले. पण विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे प्रभृतींनी त्या लिपीची उकल करीपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी माणसास आपल्या भाषेचा हा ठेवा वाचता येत नव्हता. गुप्ततेने वस्तू टिकते, तिचा अर्थ मात्र थोड्यांच्या हाती राहतो. आणि ज्या वस्तूपासून सर्वांस धोका तिचा अर्थ थोड्यांच्या हाती राहणे मला इष्ट वाटत नाही. सीबिओक यांच्या दोन सूचनांपैकी मी म्हणूनच पहिलीच्या बाजूने आहे. पुरोहितापेक्षा नकलनवीस बरा. जुनी पोथी जीर्ण होण्यापूर्वी तिची नवी नक्कल करणारा, कठीण शब्द आढळल्यास समासात त्याचा अर्थ लिहिणारा, आणि आपल्या हातून झालेल्या चुकीबद्दल शेवटी वाचकाची क्षमा मागणारा जो अनाम लेखक, त्याच्यामुळे ज्ञानेश्वरी सातशे वर्षे आपल्यापर्यंत आली, दगडामुळे नव्हे.

फ्रान्समध्ये ह्या दिशेने जे झाले आहे ते मला समाधान देणारे वाटले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ला हागजवळ कमी तीव्रतेच्या कचऱ्याचे भांडार १९६९ पासून १९९४ पर्यंत भरले गेले आणि मग मातीने झाकून बंद केले. त्याच्यावर निदान तीनशे वर्षे देखरेख ठेवावयाची आहे. तीनशे वर्षे म्हणजे थोरल्या बाजीरावांस पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हापासून आजपर्यंतचा काळ. त्या भांडाराचे संपूर्ण दप्तर दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदावर छापून त्याची एक प्रत जागेवर व दुसरी राष्ट्रीय पुराभिलेखागारात ठेवली आहे, आणि त्याशिवाय सामान्य नागरिकास व स्थानिक अधिकाऱ्यास समजेल असा एक संक्षिप्त सारांश वेगळा केला आहे. विशेष म्हणजे ते दप्तर दर दहा वर्षांनी बाहेरच्या माणसांकडून उघडवून, त्यांस ते उमगते की नाही, हे तपासण्याची तजवीज आहे.

तेथे कागदाचा विचार झाला, ह्याचे महत्त्व माझ्यासारख्यास अधिक कळते. पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. ते मूळ कागद जुन्नरी व दौलताबादी, हाताने केलेले, बोरूने व काजळाच्या शाईने लिहिलेले आहेत, आणि आजही घडी उलगडताना मोडत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावरचे, गिरणीच्या आम्लयुक्त कागदावर टंकलिखित केलेले सरकारी कागद मात्र माझ्या हातात कडेने तुटले आहेत; बोट लावावे तर पिवळा भुगा मेजावर पडावा, अशी त्यांची स्थिती मी पाहिली आहे. आपल्या अणुयुगाचा आरंभ नेमका त्याच काळातला आहे.

हे मी ग्रंथकारांस सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ग्रंथातील माहिती, प्रकरणांची मांडणी आणि परिभाषा ह्यांविषयी अभिप्राय देण्याचा मला अधिकार नसल्यामुळे मी तो दिलेला नाही. प्रस्तावनेच्या निमित्ताने एक विनंती मात्र केली, की ह्या पुस्तकाच्या निदान शंभर प्रती आम्लविरहित कागदावर छापाव्यात, आणि शेवटी दिलेल्या कठीण संज्ञांच्या कोशात ‘किरणोत्सर्ग’ ह्या शब्दाचा अर्थ, तो शब्द पूर्वी कधीही ऐकला नाही अशा माणसासाठी, नव्याने लिहावा. दोन्ही गोष्टी झाल्या आहेत. त्या प्रतींपैकी दहा कोकणातील ग्रंथालयांस पाठविण्याचे प्रकाशकांनी मान्य केले आहे, आणि त्या कोणत्या गावी गेल्या ह्याची यादी पहिल्या प्रतीच्या कव्हराच्या आत चिकटवून ठेवण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे.